सर्व्हर वारंवार का बसतो, आणि भुर्दंड कोणाला?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य पिंपळगाव राजा असो की खामगाव, सेवा केंद्रावर सगळ्यांनीच ऐकलेले आहे. तलाठी जागेवर नसले तर तहसीलदारांकडे तक्रार करता येत होती. सर्व्हरची तक्रार कोणाकडे करायची? यास्तव हे दुखणे मुळातून समजून घेऊ.

२०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरताना रांगा लागल्या, सर्व्हर बसला आणि १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरवर गेली. २०२३ च्या खरिपात एक रुपयातील पीकविम्याची ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्ट झाली. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. २०२५ च्या खरिपात तिथेही सर्व्हर अडखळला व मुदत वाढवावी लागली. योजना वेगळ्या, दुखणे एकच.

कारण साधे आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ५३ लाख वहिती खाती होती. त्यातले बरेचसे लोक शेवटच्या चार दिवसांत येतात. बाजार समितीत काटे पाच आणि गाड्या पाचशे, तशी गत. त्यात उत्तर आले नाही की आपण पुन्हा पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक दाबणे म्हणजे रांगेत नवी गाडी. काम तेवढेच, रांग मात्र तिप्पट. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी थांबलेले सगळे एकदम आत घुसतात आणि तो परत बसतो. म्हणून नुसते चालू-बंद करून भागत नाही. क्षमता वाढवणे आणि तालुकावार तारखा देऊन गर्दी विभागणे, हाच इलाज.

मात्र दरवेळी दोष सर्व्हरचाच नसतो. फोनवर दुसरे काहीच उघडत नसेल तर रेंज नाही असे समजा. शेजाऱ्याचे चालते, तुमचेच अडते, तर ॲप जुने आहे का, गट नंबर, खाते व मोबाईल नंबर बरोबर आहे का, ते पहा. सगळ्यांचेच एकाच ठिकाणी अडत असेल, तेव्हा सर्व्हर.

हा प्रश्न किरकोळ नाही. सातबाऱ्यावर पीक चढले नाही तर सोयाबीन-कपाशीची हमीभावाने विक्री अडते, विम्याच्या वेळी वाद होतो. वर मजुरी बुडते ती वेगळीच.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात नोंद करा. पहाटे किंवा रात्री गर्दी कमी असते, ॲपमधले बाकीचे काम तेव्हा उरका. फोटो मात्र उजेडी, शेतात उभे राहूनच काढावा लागतो. एकदा बटण दाबले की थोडे थांबा. अडले तर तारीख-वेळेसह पडद्याचा फोटो ठेवा व ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे तलाठी) लेखी अर्ज देऊन पोच घ्या. शेतकरी स्तराची मुदत संपली तरी सहायकामार्फत नोंद होऊ शकते, तेही विचारा.

गावच्या अधिकाऱ्यांनाही विनंती : सर्व्हर किती वाजता बसला, किती वाजता सुरू झाला, याची वही ठेवा आणि दर आठवड्याला तहसीलला पाठवा. ‘चालत नाही हो’ एवढ्याने वर कोणी हलत नाही. तारीख-वेळ लिहिलेली वही पुढे ठेवली, तर मुदतवाढ मागताना गावाचे म्हणणे टिकते.