वरून काळी, खाली कशी?

कृष्णा-वारणाकाठच्या शेतकरी बंधूंनो, पात्रापासून पायरीपायरीने वर चढणारी आपली काळी रानं म्हणजे पुरांनी हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. "जमीन खोल, म्हणजे चांगलीच," असे आपण धरून चालतो. पण तिचा गुण तोच तिचा धोकाही आहे.

या मातीत चिकणमाती भरपूर. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शास्त्रात हिला व्हर्टिसॉल म्हणतात. त्या वर्गात बसायला किमान 30 टक्के चिकणमाती, भेगा आणि खालच्या थरात घासून गुळगुळीत झालेली ढेकळं लागतात. चिकणमातीमुळेच ओल टिकते, आणि निचरा अडतो तोही तिच्यामुळेच. उसाला पाटाने वारेमाप पाणी दिले की भूजल वर येते, सोबत क्षार चढतात. सामू 8.5 च्या वर आणि विनिमयी सोडियम 15 टक्क्यांच्या वर गेले, की जमीन चोपण झाली समजा.

2015 पासून मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका वरच्या वीतभर मातीचेच सांगते. म्हणून मीटरभर खड्डा घ्या, थराथराचे नमुने वेगळे तपासून घ्या. चोपण निघाली तर आधी निचरा, मग जिप्सम. उलटे केले तर पैसा मातीत.

निचरा मात्र एकट्याच्या बांधात होत नाही. सरपंच व सदस्यहो, बुजलेले ओढे-नाले मोकळे करण्याचा विषय येत्या ग्रामसभेत घ्याच. चोपण झालेले रान नुसत्या खताने सुधारत नाही.