विद्याव्यासंग आणि चरितार्थ

आवडीची विद्या की भरपूर वेतनाची नोकरी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा नीतीच्या परिभाषेत मांडला जातो. पहिला मार्ग धरणारा त्यागी ठरतो, दुसरा धरणारा व्यवहारी. ह्या विभागणीमुळे प्रश्नाचा महत्त्वाचा भाग झाकला जातो. कोणती विद्या कोणत्या आधारावर जगते आणि तिचे मोल कोण चुकविते, हा तो भाग होय.

धर्मानंद कोसंबी ह्यांचे उदाहरण घ्यावे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले कोसंबी १८९९ च्या अखेरीस बौद्धविद्येच्या शोधात घराबाहेर पडले. त्यांचा पालीचा रीतसर अभ्यास सिंहलद्वीपात, १९०२ मध्ये सुरू झाला. पुढे कलकत्त्यास त्यांना पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले. तेथे राहते तर अर्थप्राप्ती अधिक होती. परंतु महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, ह्या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले आणि कोसंबींनी तेच पत्करले. आपण मिळविलेले ज्ञान त्यांना स्वभाषिकांपर्यंत पोहोचवावयाचे होते.

ह्यावर पां. वा. काणे ह्यांचा दाखला दिला जाईल. काण्यांनी वकिली करीत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे काम चालविले. त्याचे पाच खंड १९३० ते १९६२ ह्या काळात प्रसिद्ध झाले. तेव्हा अर्थार्जन व व्यासंग ह्यांत मूलतः विरोध नाही, हे खरेच. पण संस्कृताचे ग्रंथ, शास्त्री आणि संस्था काण्यांच्या हाताशी होत्या. कोसंबींच्या तारुण्यात पालीसाठी महाराष्ट्रात गुरू मिळणेही दुर्घट होते. जी विद्या आपल्या भूमीतून लोपलेली असते, ती फावल्या वेळात परत आणता येत नाही.

तिचा कालावधीही नोकरीच्या हिशेबात बसत नाही. वॉरन ह्यांनी आरंभिलेल्या 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले. ती आवृत्ती १९५० साली, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी निघाली. शिवाय त्यांनी घर सोडले तेव्हा मागे पत्नी आणि लहान मुलगी होती. त्यागाचा गौरव करताना ह्या दोघींनी सोसलेल्या भागाची नोंद क्वचितच होते.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पाली, प्राकृत, असमिया व बंगाली ह्या भाषांना अभिजात दर्जा दिला. दर्जाने भाषेचा मान वाढतो. तिचे अभ्यासक त्याने आपोआप निर्माण होत नाहीत. भाषाविभागाच्या दाराशी आलेल्या विद्यार्थ्याने घरच्यांच्या पोटाला चिमटा घेऊनच आत यावे, अशी अपेक्षा करणाऱ्या समाजाला त्याच्या जाण्याबद्दल हळहळण्याचा अधिकार नाही. गायकवाडांनी कोसंबींना ऐश्वर्य दिले नव्हते. बेताचा परंतु निश्चित चरितार्थ आणि कामाची स्पष्ट अपेक्षा, एवढेच दिले होते. विद्यापीठांनी निदान तेवढे करावे. मग ज्याला अधिक वेतनाकडे जावयाचे असेल त्याने खुशाल जावे. त्याला दोष देण्याचे कारण उरणार नाही.