बाबांचा नंबर अजून चालू आहे का?

डोंबिवलीतलं किंवा इंदूरमधलं कुठलंही एक चारचौघांसारखं घर डोळ्यांपुढे आणा. घरातले आजोबा गेले. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी परतले. आजोबांचा मोबाइल आजींनी त्यांच्या चष्म्याच्या डबीसोबत कपाटाच्या खणात ठेवून दिला. चार-पाच दिवसांत बॅटरी उतरली. पुढच्या महिन्यात रिचार्ज संपल्याचा मेसेज आला असणार, पण तो वाचायला फोन चालू कुठे होता? मुलानंही विचार केला, आता बाबांच्या फोनला कशाला पैसे घालायचे?

सात-आठ महिने गेले. आजी गॅसचा नंबर लावायला गेल्या, तर ओटीपी आजोबांच्या मोबाइलवर. विजेचं बिल त्याच नंबरवर, मुदत ठेवीची सूचना त्याच नंबरवर. इतकंच कशाला, आजींच्या स्वतःच्या आधार कार्डालाही तोच नंबर जोडलेला! नातवानं घाईघाईनं फोन चार्ज केला, तर पडद्यावर ‘नो सर्व्हिस’. म्हणून आपल्या फोनवरून आजोबांचा नंबर लावून पाहिला. पलीकडून कुणीतरी तरुण आवाज आला, ‘‘कौन बोल रहा है?’’

आता बोला! वीस वर्षं घरात सगळ्यांना तोंडपाठ असलेला नंबर परक्या माणसाच्या खिशात गेला. त्या बिचाऱ्याचा दोष काहीच नाही. त्यानं दुकानात जाऊन रीतसर नवीन सिमकार्ड घेतलं आणि त्याला हाच नंबर मिळाला.

असं कसं होतं? उत्तर एका वाक्यात सांगता येतं. मोबाइल नंबर फोनमध्ये नसतो, सिमकार्डातही नसतो. तो असतो कंपनीच्या वहीत.

वहीतली नोंद

नखाएवढं ते सिमकार्ड खरं तर एक छोटासा संगणकच. पहिली सिमकार्डं १९९१ साली जर्मनीतल्या एका कंपनीनं बनवली आणि फिनलंडमधल्या मोबाइल सेवेला दिली. तेव्हा ती एटीएम कार्डाएवढी असत. पुढे मिनी, मायक्रो, नॅनो असा कातरत कातरत त्यांचा आकार आजच्याएवढा झाला. आता तर ई-सिम आलं आहे. वेगळं कार्ड घालायलाच नको, चिप फोनमध्येच बसवलेली.

कार्डाच्या पाठीवर १९-२० आकडी क्रमांक छापलेला असतो. आपल्याकडच्या कार्डांवर त्याची सुरुवात ८९९१ नं होते. ८९ म्हणजे दूरसंचार सेवा आणि ९१ म्हणजे भारत. हा झाला कार्डाचा स्वतःचा क्रमांक. आतमध्ये ग्राहकाचा आणखी एक गुप्त ओळखक्रमांक असतो आणि एक गुप्त किल्ली असते. ही किल्ली कार्डाबाहेर कधीच येत नाही.

गडाच्या दरवाज्यावर परवलीचा शब्द विचारत, तसंच इथं चालतं. फोन चालू केला की नेटवर्क कार्डाला एक आकडा पाठवतं. कार्ड आपल्या किल्लीनं त्या आकड्यावर गणित करून उत्तर देतं. तेच गणित कंपनीच्या यंत्रात होतं. दोन्ही उत्तरं जुळली की दरवाजा उघडला! मग कंपनी आपल्या वहीत बघते, की या कार्डापुढे कोणता दहा आकडी नंबर लिहिला आहे. तो नंबर त्या फोनला मिळतो.

म्हणूनच कार्ड हरवलं तरी नवीन कार्डावर जुना नंबर मिळू शकतो. कंपनी वहीतल्या जुन्या कार्डावर काट मारून नव्याची नोंद करते. आणि म्हणूनच वहीतली नोंद दुसऱ्याच्या नावावर गेली, की हातातलं जुनं कार्ड म्हणजे प्लास्टिकचा निव्वळ तुकडा.

एके काळची चैन

३१ जुलै १९९५ या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना फोन केला. भारतातला तो पहिला मोबाइल कॉल. त्या दिवसांत मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे! मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच ही नावं गाजत होती. नंबर कळला तर लोक उगाच फोन करतील, म्हणून तो हातचा राखूनच दिला जायचा. २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि मोबाइल घराघरांत शिरला.

तेव्हा नंबर गेला तर फार तर काय व्हायचं? नातेवाइकांना नवा नंबर कळवायचा, संपलं. आज बँक, आधार, गॅस, वीज, विमा, पेन्शन, यूपीआय, व्हॉट्सअॅप ही सगळी कुलपं त्या एका नंबरानं उघडतात. देशात मोबाइल जोडण्या शंभर कोटींच्या वर गेल्या आहेत. म्हणजे एवढ्या किल्ल्या लोकांच्या खिशात फिरताहेत, आणि त्यांची नोंद मात्र कंपन्यांच्या वहीत आहे.

नव्वद दिवसांचा हिशेब

दहा आकडी नंबर काही अमर्याद नाहीत. त्यामुळे न वापरलेले नंबर कंपन्या परत घेतात आणि दुसऱ्याला देतात. हे बेकायदा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. वापर म्हणजे कॉल, पाठवलेला एसएमएस किंवा इंटरनेट. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून आणखी ३० दिवसांची मुदत देण्याची सोयही त्या नियमांत आहे.

कायमचा बंद झालेला नंबर लगेच दुसऱ्याला मिळत नाही. त्यासाठी किमान ९० दिवस थांबावं लागतं, असं ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. जुन्या नंबरावरची खासगी माहिती नव्या ग्राहकाच्या हाती पडते, अशी ती तक्रार होती. न्यायालयाचं म्हणणं असं, की नंबर सोडताना आपली माहिती पुसण्याची काळजी ग्राहकानंच घ्यायला हवी. २०२५ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं बँकांना बंद झालेल्या नंबरांची यादी पाहून आपल्या नोंदी तपासायला सांगितलं. पण गॅस एजन्सी, वीज मंडळ, विमा कंपनी यांना आजोबा गेले हे कोण सांगणार? घरच्यांनाच सांगायला हवं.

आधी कागद, मग नंबर

घरातलं माणूस गेलं, तर त्याचा नंबर किमान काही महिने तरी चालू ठेवावा. फोन चार्ज करावा, स्वस्तातला रिचार्ज मारावा, अधूनमधून त्यावरून एखादा कॉल करावा. इंटरनेटचा महागडा पॅक घेण्याची गरज नाही. नुसते कॉल आणि एसएमएस असलेले पॅक कंपन्यांनी द्यायलाच हवेत, असा नियम ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये केला. घरातल्या साध्या बटणांच्या फोनलाही हेच पॅक परवडतात.

या काळात एकेका ठिकाणचा नंबर बदलून घ्यावा. आजींच्या आधारला त्यांचा स्वतःचा नंबर आधार केंद्रावर जाऊन जोडता येतो. गॅस, वीज, विमा यांचंही तसंच. नंबर कायमचा घरातच ठेवायचा असेल, तर मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात जावं आणि तो वारसाच्या नावावर करून घ्यावा.

एक गोष्ट मात्र करू नये. नंबर चालू आहे, ओटीपी येतो आहे, म्हणून गेलेल्या माणसाच्या खात्यातून मोबाइलवरून पैसे काढू नयेत. पैसे घरचेच असले तरी तो मार्ग योग्य नाही. पुढे भावाबहिणींत वाद झाला तर तेच अंगाशी येतं. बँकेला मृत्यूची खबर द्यावी आणि नॉमिनी किंवा वारस म्हणून रीतसर दावा करावा. चालू ठेवलेल्या नंबराचा उपयोग एवढाच, की दरम्यानच्या काळात बँकेचे मेसेज परक्याच्या फोनवर जाऊ नयेत.

फोन अचानक मुका झाला तर

वहीतली नोंद विसरल्यामुळे जाते, तशी ती चोरलीही जाते. याला ‘सिम स्वॅप’ म्हणतात. भामटा आधी तुमची जन्मतारीख, पत्ता, आधारचा फोटो असं काहीबाही जमवतो. मग खोट्या कागदांवर ‘माझं सिम हरवलं’ असं सांगून तुमच्या नंबरचं नवीन कार्ड मागतो. किंवा तुम्हालाच फोन करतो, ‘‘सर, आपलं सिम फाइव्ह-जी करायचंय, आलेला मेसेज फक्त ओके करा.’’ तुम्ही ओके करता आणि वहीत तुमच्या कार्डावर काट बसते.

तुमच्या फोनला काय होतं? काहीच नाही! तो नुसता गप्प होतो. रेंज जाते. माणूस म्हणतो, नेटवर्कचा काहीतरी घोळ असेल, संध्याकाळपर्यंत येईल. नेमके तेच तास चोराला हवे असतात.

यावर सरकारनं दोन अडसर घातले आहेत. २०२२ च्या आदेशाप्रमाणे नवीन कार्ड सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचे, म्हणजे ओटीपी मिळत नाही. आणि १ जुलै २०२४ पासून कार्ड बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. हे २४ तास ग्राहकासाठीच ठेवलेले आहेत, पण फोन मुका झाल्याकडे त्याचं लक्ष गेलं तरच त्यांचा उपयोग.

तेव्हा शेजारच्या माणसाच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्याला नाही, फोन बंद करून पुन्हा चालू केला तरी नाही, असं झालं की वाट पाहू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा. कार्ड बदललं गेल्याचं कळलं तर लगेच बँकेला सांगून खातं थांबवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार करा. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये ठरवून दिलं, की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाला तोटा सोसावा लागू नये. मात्र ओटीपी स्वतःच्या तोंडानं सांगितला असेल, तर कळवेपर्यंत गेलेले पैसे त्याचेच गेले.

रविवारचं अर्ध्या तासाचं काम

येत्या रविवारी चहा झाल्यावर घरातले सगळे फोन टेबलावर मांडा आणि एक वही घ्या.

१. प्रत्येक नंबर कुणाच्या नावावर आहे ते लिहा. पुष्कळ घरांत आईचं सिम मुलाच्या नावावर असतं, सुनेचं तिच्या माहेरच्या कुणाच्या तरी! सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. एका माणसाला जास्तीत जास्त नऊ नंबर घेता येतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत सहा. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवता येतं.

२. बँक, आधार, गॅस, वीज, विमा, पेन्शन यांपुढे कोणता नंबर जोडला आहे ते लिहा. घरात एकाच माणसाच्या नंबरावर सगळा डोलारा उभा असेल, तर तो आत्ताच वाटून घ्या.

३. प्रत्येक फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल. फोन चोरीला गेला तर तो बंद करवून घेण्यासाठी हाच क्रमांक लागतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहा.

४. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावा. मग चोरानं कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ते चालणार नाही. पिन तीनदा चुकला की पुक क्रमांक लागतो, आणि तो दहादा चुकला की कार्ड कायमचं बाद. म्हणून पिन लक्षात राहील असाच ठेवा, आणि कार्डावर आधी कंपनीचा पिन असेल तर तो कंपनीलाच विचारून घ्या.

५. हॅश, हॅश, शून्य, शून्य, दोन, हॅश असं डायल करा. कुणी गुपचूप तुमचे कॉल आपल्याकडे वळवून घेतले असतील तर ते बंद होतात.

ही वही घरातल्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. त्यात पिन, पासवर्ड मात्र लिहू नका.

हे काम घरातले वडीलधारे हिंडते-फिरते असतानाच करायचं. बाबांना विचारायला संकोच वाटतो खरा. ‘‘एवढी घाई कसली?’’ असंही ते म्हणतील. तेव्हा सुरुवात स्वतःच्या नंबरापासून करावी. मुलानं आधी आपली पानं भरली, की बाबाही चष्मा पुसून म्हणतात, ‘‘लिही माझंही. पेन्शनला तोच नंबर आहे, आणि लॉकरला तुझ्या आईचा.’’

लॉकरचं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.