जुन्या संगणकातला उर्दू हिशेब

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि पुष्कळ घरांतले संगणक विंडोज ११ वर गेले. बहुतेकांचं काहीच अडलं नाही. अडलं ते ज्यांच्या घरी उर्दूचं जुनं काम साठलेलं आहे त्यांचं.

आमच्या युसूफ वडगावातलं एक घर. घरचे बुजुर्ग उर्दूचे मास्तर, मागच्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. देण्याघेण्याचा सगळा हिशेब ते इनपेजमध्ये टाइप करून ठेवत. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारी लिहून ठेवायचा हुकूम आहे, तो त्यांनी नेमाने पाळला. आता वाटणी करायची तर आधी मरहूमचं कर्ज फेडायला हवं. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना हा क्रम स्पष्ट आहे. पण कर्ज कुणाचं आणि किती, हे त्या फाइलीतच! तालुक्याच्या एका दुकानातून संगणक ‘नवा’ करून आणला आणि फाइल उघडेना. ‘जुनं सगळं गेलं’, असं दुकानात सांगितलं. थोरली सून मला म्हणाली, “सर, हिशेब गेला म्हणजे अब्बा कर्जदारच राहिले की.”

गेलं काहीच नव्हतं. त्यांच्या भाच्याने पूर्वीच व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात विंडोज एक्सपी बसवून दिली होती आणि जुनं इनपेज तिथे चालत होतं. म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. बाहेरचा मेजबान, आतला मेहमान. इंग्रजीतही याला हेच शब्द आहेत. मेजबानाने घर बदललं आणि मेहमान दारात अडकला, इतकंच. मेहमानाचं सगळं सामान एका मोठ्या फाइलीत असतं, तिच्या नावाशेवटी व्हीडीआय ही अक्षरं असतात. ती आहे तोवर घाबरायचं कारण नाही.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही, नकलेचं. ‘व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स’ हे फोल्डर जसंच्या तसं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. पेन ड्राइव्ह ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणाला तर तो बहुधा फॅट ३२ पद्धतीचा असतो, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. नक्कल झाल्याशिवाय कुणालाही, अगदी मलाही, संगणकाला हात लावू देऊ नका.

मग व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती टाका. एक्स्टेन्शन पॅक वापरत असाल तर तोही त्याच आवृत्तीचा घ्या. यंत्राच्या नावाखाली ‘सेव्ह्ड’ दिसत असेल तर ते झोपेत असताना घर बदललेलं आहे. जुन्या आवृत्तीतली झोप नव्या आवृत्तीत मोडेलच असं नाही. तेव्हा ‘डिस्कार्ड’ करावं लागतं: अचानक लाइट गेल्यासारखं होतं, सेव्ह न केलेलं जातं, डिस्कवरचं राहतं. तरीही सुरू होत नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर काय लिहिलंय ते बघा. ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करा.

यंत्र सुरू झालं पण खाली हिरवं कासव दिसतंय? विंडोजची स्वतःची हायपर-व्ही यंत्रणा मध्ये आहे, म्हणून चाल मंदावते. पुष्कळ जण विंडोजचं ‘मेमरी इंटेग्रिटी’ संरक्षण बंद करायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. मुलं ज्या संगणकावर इंटरनेट वापरतात त्याची भिंत हिशेबाच्या चार पानांसाठी पाडू नये. कासव असू द्या, दहा मिनिटं जास्त लागतील. उलट एक्सपीचंच नेटवर्क तोडा. तिची सुरक्षा ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहे.

आत शिरल्यावर फाइल उघडा आणि प्रत्येक पानाचं चित्र घ्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘टेक स्क्रीनशॉट’ आहे, ते चित्र सरळ मेजबानाकडे साठतं. चित्र आधी, मजकूर नंतर. जुन्या इनपेजची अक्षरांची मांडणी त्याची स्वतःची. तिथलं कॉपी करून वर्डमध्ये टाकलं तर नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं, आणि त्यात आकडे उलटे पडू शकतात. उर्दू उजवीकडून, आकडे डावीकडून. त्या हिशेबात १५०० चे ००५१ झाले होते, ते लगेच ओळखू आले. पण १२ चे २१ झाले असते तर? म्हणून एकाने चित्रातला आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने युनिकोडमधला तपासायचा. दोघा भावांनी बसून एका संध्याकाळी सगळी नावं जुळवली. कर्जाची यादी छापली आणि वाटणीचे कागद तूर्त बाजूला ठेवले.

विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे, त्यामुळे फार जुनी १६ बिटची सॉफ्टवेअर तिच्यावर चालतच नाहीत. कुणाकडे मकतबचे पेपर असतील, कुणाकडे घराण्याचा शजरा. मराठीवाल्यांनीही निश्चिंत राहू नये; श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर असाच कचरा दिसतो. ज्यांचं यंत्र आज सुरू होतंय त्यांनी संगणक दुकानात न्यायच्या आदल्या दिवशी एवढं करावं: मेहमानाला झोपवू नये, पूर्ण शटडाउन करावं, आणि ते फोल्डर उतरवून घ्यावं.