मूत्रपिंडातले चावीवाले



आमच्या दहिसरला नळाला पाणी किती वाजता येतं, हे घरातलं कुणीही झोपेत सांगेल. पण ते सोडतं कोण? पालिकेचा चावीवाला! लांब लोखंडी चावी घेऊन तो येतो, रस्त्यातलं झाकण उघडतो आणि आतला व्हॉल्व्ह फिरवतो. त्याने किती आटे फिरवले, त्यावर आपली बादली भरणार की नाही ते ठरतं.

असेच चावीवाले तुमच्या-माझ्या मूत्रपिंडांतही आहेत बरं का!

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं लिटरभराहून जास्त रक्त दर मिनिटाला मूत्रपिंडांकडे जातं. तिथे एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या आहेत. गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. दिवसभरात या गाळण्यांतून १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं सगळं परत रक्तात! पाण्याची एवढी काटकसर मुंबईत दुसरं कुणी करत असेल, असं मला तरी वाटत नाही.

आता एक प्रयोग करून पाहा. जुनी रबरी नळी घ्या आणि मध्यावर खिळ्याने एक भोक पाडा (आईला विचारून!). नळ सोडा. भोकाच्या पुढे नळी चिमटीत दाबलीत, तर भोकातून जोरात कारंजं उडेल. आता भोकाच्या अलीकडे, म्हणजे नळाच्या बाजूला दाबा. कारंजं बसलं ना?

प्रत्येक गाळणीला अशाच दोन बारीक वाहिन्या असतात, एक रक्त आत आणणारी आणि दुसरी बाहेर नेणारी. बाहेरची आवळली की गाळणीतला दाब वाढतो, आतली आवळली की कमी होतो. या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांना हुकूम कोण देतं? काही हुकूम मज्जातंतूंकडून येतात, पण बरेचसे येतात रसायनांच्या रूपाने.

यातली मला सर्वांत आवडणारी गंमत सांगते. गाळणीतून निघालेली नळी बरीच वळणं घेते आणि पुन्हा आपल्याच गाळणीच्या दाराशी येऊन टेकते. तिथल्या काही पेशी आतल्या पाण्यातल्या मिठाची जणू चव घेतात. मीठ जास्त लागलं, तर गाळणी फार भरभर चालली आहे असा अर्थ. मग अॅडिनोसिन नावाचं रसायन आत आणणारी वाहिनी थोडी आवळतं. मीठ कमी लागलं, की उलटा निरोप जातो. त्या वाहिनीच्या भिंतीतून रेनिन बाहेर पडतं. (हे रेनिन १८९८ साली स्टॉकहोममध्ये सशाच्या मूत्रपिंडात सापडलं.) रेनिन यकृताने बनवलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, फुप्फुसांत त्या तुकड्याला आणखी कात्री लागते आणि तयार होतं अँजिओटेन्सिन. ते विशेषकरून बाहेर नेणारी वाहिनी आवळतं. शिवाय मेंदूला सांगतं, "तहान लागली!"

समजा, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलंय. रक्त कमी येतंय, तरी गाळणी चालू राहायला हवी. अँजिओटेन्सिन बाहेरचं दार आवळतं. अशा वेळी आत आणणारी वाहिनी उघडी धरतो दुसरा एक चावीवाला. त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा. कारण अंग दुखतं, सुजतं, ताप चढतो, त्यातही याच प्रोस्टाग्लँडिनचा हात असतो!

अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवते, हे जॉन वेन या शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवलं. १९८२ साली त्याला नोबेल मिळालं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधंही तेच काम करतात. दुखणं थांबतं, पण गोळीला काय ठाऊक, गुडघा कुठला आणि मूत्रपिंड कुठलं! धडधाकट, भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. पण अंगातलं पाणी आटलेलं असताना तीच गोळी घेतली, तर आतली वाहिनी आवळते, कारंजं बसतं आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं.

यातलं डायक्लोफेनॅक गिधाडांना तर फारच महागात पडलं. आपल्या देशात गुरांना ते सर्रास टोचलं जायचं. मेलेलं जनावर खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचायचा. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत शंभरातली नव्व्याण्णवहून जास्त नाहीशी झाली. २००४ साली कारण उघड झालं आणि २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारताने बंदी घातली. गिधाडांच्या मूत्रपिंडात नेमकं काय बिघडतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पक्ष्याचं मूत्रपिंड आपल्यासारखं नसतं, तेव्हा त्यांची गोष्ट जशीच्या तशी माणसाला लावू नका.

आता हा शेवटचा भाग आईबाबांना वाचून दाखवा. पावसाळा आला की आमच्याकडे घरोघरी ताप. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, आणि लेप्टो मूत्रपिंडावरच घाव घालतो. तापासोबत उलट्या-जुलाब असतील, लघवी कमी होत असेल, तर डब्यातली उरलेली दुखण्याची गोळी मुलाला देऊ नका. पॅरासिटामॉल या गटातली नाही, पण तिचंही प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या. जलसंजीवनी घोट-घोट पाजत राहा. आणि दवाखान्यात गेलात की ताप किती होता याबरोबर, सकाळपासून लघवी किती वेळा झाली तेही सांगा.