बेपत्ता म्हणू नका

‘बेपत्ता’ हा शब्द आधी खोडा. जत्रेत पोर हरवतं ते बेपत्ता. मुकेश चंद्राकर हरवणारा गडी नव्हता. छत्तीसगडातल्या बीजापूरचा पत्रकार. बस्तरचं जंगल त्याच्या पायाखालचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माओवाद्यांनी धरलेला सीआरपीएफचा जवान आणायला जे आत गेले, त्यांत हा होता. तिथून धड परत आला. आणि १ जानेवारी २०२५ ला राहत्या गावात गेला तो गेलाच!

३ जानेवारीला सापडला. ठेकेदाराच्या आवारात, सेप्टिक टँकमध्ये, वर ताजं सिमेंट.

या टाकीची ओळख आपल्याला कुणी करून द्यायला नको. २०१३ चा कायदा म्हणतो सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवायचा नाही. आपले अजून उतरतात, अजून मरतात. कुणी म्हणेल, मुकेश आपल्या अंकात कशाला? अरे, टाकी तर आपली ना?

त्याने केलं काय होतं? गंगालूरच्या रस्त्याचं बोगस काम दाखवलं, डिसेंबर २०२४ मध्ये. बातमी टीव्हीवर गेली, चौकशी लागली. खुनाच्या आरोपात पोलिसांनी ठेकेदाराला हैदराबादेत धरला. तो त्याच्या नात्यातलाच.

आता आपलं बघा. बस्तर म्हटलं की आपण रात्रभर भांडतो, बंदूक इकडची खरी का तिकडची. चहा संपतो, भांडण संपत नाही. दोन बंदुकांच्या मधोमध टेंडर बसलेलं असतं, ते दिसत नाही कुणाला. जिथं जायला लोक भितात तिथली खडी कोण मोजणार? मोजमापवही टेबलावरच भरते. युद्धासारखा आडोसा नाही ठेकेदाराला! मुकेश त्या आडोशामागं गेला, एवढंच.

आणि शहरातले संपादक? बातमी हवी तेव्हा ‘आमचा बस्तरचा माणूस’. मेल्यावर ‘स्थानिक यूट्यूबर’. त्याचं ‘बस्तर जंक्शन’ त्याने स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं, साहेब.

बीजापूरला लागूनच आपली गडचिरोली. तिथं आपली पोरं गावच्या पुलाचे, नालीचे फोटो काढून मोबाइलवर टाकतात. त्यांच्या खिशात कुठलं कार्ड आहे? रात्री घरी आली नाहीत तर फोन कुणाला करायचा, हे कुणी ठरवलंय का आपल्यात?