'छान' म्हणजे काय?

आमच्या निसर्ग मंडळाचे छायाचित्र-प्रदर्शन डिसेंबर २०२४ मध्ये भरले, तेव्हा मी प्रथम वर्षात होते. विषय होता फुले आणि कीटक, अगदी जवळून. दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती. माझ्या छायाचित्राबद्दल तीत अकरा अभिप्राय आले. सात वेळा 'छान', तीन वेळा 'अप्रतिम' आणि एकदा 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. त्या दिवशी मी हवेत तरंगत घरी गेले.

छायाचित्र होते कारवीच्या फुलावर बसलेल्या मधमाशीचे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. आम्ही लागोपाठ दोन रविवार गेलो होतो. पहिल्या रविवारचे छायाचित्र मी सर्वांना दाखवले. सर्वजण 'छान' म्हणाले. म्हणून दुसऱ्या रविवारी मंडळाचा एकुलता एक कॅमेरा मी मैत्रिणीच्या हाती दिला आणि निवांत डबा खाल्ला.

यंदा एका प्राध्यापिकाबाईंनी ते छायाचित्र पाहिले. थोडा वेळ थांबून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माशीचा डोळा कुठे आहे?" डोळा धूसर होता. ठळक दिसत होती ती मागच्या पाकळीची कड. ही गोष्ट कुणी त्या आठवड्यात सांगितली असती, तर दुसरा रविवार माझ्या हातात होता. आता कारवी पुन्हा फुलेल ती २०३२ च्या सुमारास. तोवर माझे शिक्षण संपलेले असेल आणि मंडळाचा कॅमेराही माझ्या हाती नसेल.

मित्रहो, माझी तक्रार त्या अकरा जणांच्या मनाबद्दल नाही. त्यांनी चांगल्या मनानेच लिहिले. पण 'छान' हा शब्द कारवीला उद्देशून होता, मधमाशीला होता की माझ्या कामाला? फुले आणि फुलपाखरे मुळातच सुंदर. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले 'ब्लू मॉर्मन' कसेही टिपा, पाहणारा 'वा!' म्हणणारच. ती दाद फुलपाखराची असते, आणि आपण ती खुशाल आपल्या खात्यावर जमा करतो.

कुणी म्हणेल, नवख्या मुलांना उत्तेजन नको का? जरूर हवे. पण घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या आमच्यासारख्यांच्या वाट्याला 'छान' जरा जास्तच येते. "तुमच्या परिस्थितीत एवढे केलेत, हेच पुष्कळ," असा त्याचा अर्थ असतो. इथे मोजली जाते ती परिस्थिती. छायाचित्र तसेच राहते. माझ्या मते चूक दाखवणे हा सन्मान आहे. हिला अधिक चांगले जमेल, असा विश्वास त्यात असतो.

अर्थात नुसती चूक दाखवणे हेही पुरेसे नाही. हे मी स्वतःच्या अपराधावरून सांगते. प्रथम वर्षातल्या एका मुलीने भिंतीवरच्या कोळ्याचे छायाचित्र आणले होते. मी सर्वांसमोर म्हटले, "हललेले आहे. शिवाय कोळी कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण ती मुलगी पुन्हा मंडळात आली नाही. मी तिला खरे सांगितले, पण उद्या काय करायचे ते सांगितले नाही.

काय सांगायला हवे होते? इतक्या जवळून टिपताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा असतो. कोळ्याचे डोळे त्यात आले की पाय धूसर होतात. भिंगाचे छिद्र लहान केले तर पट्टा वाढतो, पण प्रकाश घटतो. मग कॅमेऱ्याला जास्त वेळ उघडे राहावे लागते आणि हात हलतो. म्हणजे तिचा हात वाईट नव्हता, उजेड कमी होता. "तुझे कोळ्याच्या डोळ्यांकडे लक्ष गेले, हे फार चांगले. उद्या सकाळी उजेडात, कोपर भिंतीला टेकवून पुन्हा बघ," एवढे म्हटले असते तर ती उद्या परत आली असती.

अशी टीका कशी करावी हे मी पुस्तकात शिकले नाही. माझी आई पार्ले स्टेशनाजवळ फुले विकते. माझे शेवंतीचे छायाचित्र तिला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "रंग झकास आलाय. पण ही कालची शेवंती गं. खालच्या पाकळ्या बघ, कशा लोळल्यात. पहाटे माझ्याबरोबर दादरच्या बाजारात चल, ताजी देते." आईला छिद्र ठाऊक नाही आणि भिंगही ठाऊक नाही. पण तिने आधी नीट पाहिले, मग बोटाने जागा दाखवली आणि शेवटी वाट सांगितली. जाणकाराने याहून वेगळे काय करायचे असते?

एक प्रश्न मात्र आपण सर्वांनीच विचारायला हवा : हे टिपले कसे? काही जण कीटक हलू नये म्हणून त्याला बर्फात गार करतात, असे ऐकते. अशा छायाचित्रात डोळा कितीही स्वच्छ आला, तरी त्याला दाद देऊ नये. पहाटेच्या गारव्यात कीटक आपोआपच मंद असतात. आपण लवकर उठावे, हे बरे.

आपले पार्ले रसिकांचे गाव म्हणवते. इथे दाद देणाऱ्यांना तोटा नाही. म्हणून पुढच्या प्रदर्शनासाठी माझी एक साधी सूचना आहे. अभिप्रायाच्या वहीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर तीन प्रश्न लिहून ठेवावेत. तुमची नजर आधी कुठे गेली? ती कुठे अडखळली? पुढच्या वेळी काय करून पाहावे? आणि ही वही शेवटच्या दिवशी कपाटात न जाता ज्याच्या त्याच्या हाती त्याच आठवड्यात पडावी.

त्या कोळीवाल्या मुलीला मी ग्रंथालयात गाठणार आहे. तिचे छायाचित्र मला अजून आठवते, हे तिला आधी सांगेन. आणि यापुढे कुणाला 'छान' लिहायचेच असेल, तर काय छान, तेही लिहावे.

— द्वितीय वर्ष, कला